घरात दोन माणसं

कारखान्याचा फिटर खोली उतरवून न्यायला आला होता, पण दारावरचा स्क्रीन बघून तो थबकला. सुट्या खोल्या जोडून उभारलेल्या या घरांना बाहेरची वीज नसते. ऊन आणि आतल्या माणसांची ऊब यांवरच ती चालतात. म्हणूनच माणूस गेला की त्याची खोली कारखान्यात परत जाते.

"काकू, काका गेले ना? घर तर अजून दोन माणसं दाखवतंय."

शर्वरीताईंनी नवऱ्याच्या, निनादच्या खोलीचं दार उघडलं. पलंगाच्या जागी जमिनीवर पिठाच्या रिंगणात दिवा तेवत होता. तेरावं होऊन गेलं तरी त्यांनी तो शांत केला नव्हता. हवाबंद घर त्या ज्योतीलाच माणूस समजत होतं.

"साहेब मलाच ओरडणार," फिटर पुटपुटला. मग पाना पिशवीत टाकत म्हणाला, "स्क्रीनवर दोन आहेत तोवर मला हात लावता येत नाही. तेल तेवढं संपू देऊ नका."

तो गेल्यावर त्या लगेच तेल आणायला गेल्या. परतल्या तेव्हा दारावर अक्षरं होती : 'घरात एक माणूस.'

हातातली किल्ली त्यांनी पर्समध्ये टाकली आणि बेल वाजवली.