तिसरा कॉम्प्युटर

भाचीचं लग्न आणि ताईच्या घशाचं ऑपरेशन एकाच वर्षी झालं, आणि त्याच वर्षी धाकटीला तिच्याच कामातून दिवसातून चार-चार वेळा बाहेर काढलं जाऊ लागलं.

आजही तेच. सकाळी साडेदहाला, प्रकाशकाच्या ऑफिसात, धडा अर्ध्यावर असताना पडद्यावर चौकट आली. ‘तुमचा परवाना दुसऱ्या कॉम्प्युटरवर सुरू झाला आहे. इथे वापरायचं?’

तिनं ‘हो’ दाबलं. दहा मिनिटांत चौकट परत हजर.

धाकटीचं काम आवाजाचं. शाळेचे धडे ती ऐकायच्या पुस्तकांत करून द्यायची. पूर्वी स्वतः वाचायची. घसा बसायला लागला तेव्हा तिनं हे सॉफ्टवेअर घेतलं. दीडशे वाक्यं वाचून त्याला आपला आवाज शिकवला. आता धडा टाइप केला की ते तिच्याच आवाजात वाचायचं, अगदी ‘श’वरची तिची जराशी शिट्टीसुद्धा. परवाना एका वेळी दोन कॉम्प्युटरांचा. घरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर तयार धडे जोडले जात असायचे, दुसरा ऑफिसातला. तिसऱ्यानं डोकं वर काढलं की दोघांतला एक बाहेर.

यादीत तिसऱ्याचं नाव होतं ‘स्टुडिओ-२’.

ते वाचून तिच्या डोक्यात तिडीक गेली. स्टुडिओ म्हणजे तिचा आणि तिच्या जुन्या भागीदाराचा; त्याला ती बोलघेवडा म्हणायची. भागीदारी मोडली तेव्हा तिथले, हे सॉफ्टवेअर घातलेले दोन लॅपटॉप दोघांनी वाटून घेतले. तिचा पुढे ताईकडे गेला, पडल्या पडल्या सिनेमे बघायला. स्टुडिओ तिनं काढलेला, म्हणजे एक नंबर तिचा आणि दोन नंबर त्याचा, यात तिला शंकाच नव्हती.

म्हणजे बोलघेवडा तिचा आवाज विकत होता.

तिनं त्याला फोन लावला.

“मी? अगं, ते काम मी कधीच सोडलं. विमा विकतो आता. तुझा काढायचाय का?”

“थट्टा पुरे. लॅपटॉप कुठाय?”

“भंगारात. देवाशप्पथ!”

“तुझ्या शपथा मी पाच वर्षं ऐकल्यात,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

“त्यापेक्षा मोठा परवाना घे ना,” रात्री घरी नवरा म्हणाला. “किती दिवस ही ओढाताण?”

“आणि त्यानं माझ्या गळ्यानं गावभर जाहिराती करायच्या? वा!”

गुरुवारी पाचपर्यंत चाळीस धडे द्यायचे होते. नाहीतर पुढच्या वर्गांची पुस्तकं दुसऱ्याकडे जाणार, हे प्रकाशकबाईंनी गोड हसून सांगितलं होतं. बुधवारी रात्रीपर्यंत एकतीस झाले. तो तिसरा मात्र वेळ साधून यायचा. सकाळी उठल्या उठल्या, जेवणाच्या आधी, चारच्या सुमाराला. आला की दोन-चार मिनिटं थांबायचा, जायचा, पुन्हा यायचा. मुद्दाम छळतोय, दुसरं काय! ती खुर्चीवरून उठायची, खिडकीपर्यंत जायची, परत बसायची. चहा गार व्हायचा.

मध्येच ताईचा मेसेज आला. ‘धाकटे, कधी येतेस? तुला एक गंमत दाखवायचीय.’

‘रविवारी नक्की,’ तिनं लिहिलं. हेच तिनं मागच्या बुधवारीही लिहिलं होतं.

गुरुवारी दुपारी पाच धडे उरले होते. चौकट आली. तिनं ‘हो’ दाबलं. परत आली. परत ‘हो’. तिसऱ्यांदा मात्र तिनं कंपनीलाच फोन केला.

“मॅडम, आमची नवी योजना आहे,” पलीकडची मुलगी पाठ केल्यासारखं बोलली. “स्वतःचं काम करणाऱ्यांसाठीच. कॉम्प्युटर हवे तेवढे, एका वेळी चार चालतील. कुणीच कुणाला बाहेर काढणार नाही.”

“बाई, चोर घरात शिरलाय आणि तुम्ही मला जादा खुर्ची विकताय? ते स्टुडिओ-२ काढून टाका. कायमचं.”

“एकदा काढलं की त्यावर तुमचा आवाज परत चालणार नाही, मॅडम. नक्की?”

“नक्की म्हणजे? अजून कसं सांगू?”

तीन वाजून दोन मिनिटांनी यादीतून ते नाव गेलं. धाकटीनं खांदे सैल सोडले. नंतर एकदाही चौकट आली नाही. पावणेपाचला चाळिसावा धडा गेला. प्रकाशकबाई या वेळी खरंच हसल्या आणि पुढचं काम तिच्या हातात ठेवलं.

जिना उतरताना भाऊजींचा फोन आला.

“भाऊजी, रविवारी येतेय हां. ताईला सांगा, आता सबब नाही.”





“मी आंघोळीला गेलो होतो गं. दार लावून.” भाऊजी म्हणाले. “तिच्या गळ्यातली श्वासाची नळी तुंबली. ऑपरेशननंतर तिला बोलता येत नव्हतं, म्हणून तसं झालं की ती लॅपटॉपवर टाइप करायची. तो ओरडायचा, ‘अहो, लवकर या!’ आतल्या खोलीत असलो तरी ऐकू यायचं. तुझ्या आवाजात, धाकटे. तुझ्या जुन्या लॅपटॉपवर तुझ्या भाचीला सापडला तो आवाज. रविवारी ताई तुला त्याच आवाजात रागावणार होती, म्हणून कुणाला सांगू देत नव्हती. आज तो बोललाच नाही. पडद्यावर तिनं नऊ वेळा ‘अहो’ लिहिलंय.”

ताई गुरुवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी गेली.