सिस्टरसाठी टेबल

"हा दाखला दोन महिन्यांपूर्वीच संपलाय," भिंतीवरच्या फ्रेमवर बोट ठेवून तो म्हणाला.

हॉटेलच्या मॅनेजरने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "साहेब, मुख्यतः मासेच विकतो आपण. माशात काय हलालबिलाल बघायचं?"

"मासा नाही बघत, तेल बघतोय. त्याच कढईत चिकन तळता का? ते चिकन येतं कुठून? आणि त्या पांढऱ्या सॉसमध्ये वाइन घालतात म्हणे."

मॅनेजरने हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले. विमा कंपनीत बावीस वर्षं खोटे दावे पकडणाऱ्या माणसाशी आपली गाठ पडली आहे, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! शिक्का, तारीख, सही, यातलं काहीही या गृहस्थाच्या नजरेतून सुटत नसे. ऑफिसात सगळे त्याला 'भिंग' म्हणत आणि त्यालाही ते मनातून आवडे.

नवा दाखला गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये निघाला. फ्रेम करून घ्यायला कुणाला सवडच झाली नव्हती. भिंगाने तिथूनच दाखला देणाऱ्या संस्थेला फोन लावला आणि एकेक आकडा वाचून क्रमांक जुळवून घेतला. मग स्वयंपाकघरात शिरून बाटल्यांची लेबलं वाचली. चिकनची कढई वेगळी होती. वाइन कशातच नव्हती.

"मुलगी द्यायची आहे का आमच्याकडे?" आचाऱ्याने विचारलं.

"नाही हो. आमच्या सिस्टरना जेवायला आणायचंय. त्या पाळतात." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "माझ्या आईला त्यांनी आठ महिने जगवलं."

ते खरंच होतं. आईने अन्न सोडलं होतं. पोटात काही गेलं नाही तर महिनाही निघणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तेव्हा चहाही धड न जमणारा हा माणूस पन्नाशीत कंबर कसून स्वयंपाक शिकला. गिचका भात, उकडलेल्या भाज्या. पहिला आठवडाभर ताट जसंच्या तसं परत आलं. मग आईची शुश्रूषा करायला सिस्टर येऊ लागल्या. दुपारी त्या ताट घेऊन आईच्या खोलीत जात आणि दार लोटून घेत. "कुणी बघत असलं की आईंना घास जात नाही," असं त्यांचं म्हणणं. थोड्या वेळाने ताट चाटूनपुसून बाहेर येई. आईच्या गालांवर मांस चढलं. "तुझ्या हाताला चव आहे रे," असंही ती एकदा म्हणाली. त्या वाक्यावर तो आजही जगत होता.

सल एकच होता. "दोन घास खाऊन घ्या," असं तो सिस्टरना रोज म्हणे आणि त्या रोज म्हणत, "माझा डबा आहे, दादा." डब्यात नेमाने मासे. घरभर वास सुटे. आपल्या घरचं त्यांना चालत नसणार, हे त्याने ओळखलं. वाईट वाटून घेतलं नाही. पण जिने आईला जगवलं तिला आपल्याकडून एक घासही मिळू नये, हे त्याला फार लागलं होतं.

रविवारी दुपारी सिस्टर आल्या, त्यांच्या अम्मींना घेऊन. भिंगाने आधी दाखल्याची झेरॉक्स पुढे ठेवली. सिस्टरनी ती वाचली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"एवढं कशाला केलंत, दादा?"

"तुम्ही होतात म्हणून आई होती. तुमचे उपकार मी कसे फेडणार?"

कोळंबी आली, खेकडे आले, अख्खा भाजलेला मासा आला. अम्मींनी आनंदाने ताट भरून घेतलं. सिस्टरनी मात्र साधा भात वाढून घेतला आणि बाजूच्या उकडलेल्या भाज्या.

भिंगाचा चेहरा पडला. "अजून शंका आहे का? कढई वेगळी आहे, मी स्वतः बघितलीय."

"शंका नाही, दादा. खरंच." सिस्टरनी घाईघाईने अम्मींकडे बघितलं. पण अम्मी माशाचा काटा काढण्यात गुंग होत्या.

"तिला आग्रह नको करू, बेटा," त्या मान वर न करताच म्हणाल्या. "माशाच्या वासानेच मळमळतं तिला, लहानपणापासून. तुझ्या आईला आवडायचे म्हणून नाक दाबून न्यायची डबा. आणि संध्याकाळी घरी येऊन मला सांगायची, आज दादांच्या भाताला मीठ बरोबर पडलं होतं."