तुकडा

मोठ्या डॉक्टरसाहेबांनी चिमीच्या दादाला न तपासताच निकालात काढलं. छातीतल्या गाठी सुजल्या होत्या, पण फाईलवर एचआयव्ही वाचलं आणि मान वर न करता म्हणाले, “या लोकांना टीबीच असतो. गोळ्या सुरू करा.” गाठीचा तुकडा तेवढा काढून तपासायला पाठवला.

सहा महिने दादा गोळ्या गिळत राहिला. गाठी वाढतच गेल्या. धाप लागली तरी बहिणीला चिडवायचा, “चिमे, माझा तुकडा परदेशी फिरायला गेला काय गं?”

दादा वारल्यावर चिमी रिपोर्ट मागायला प्रयोगशाळेत गेली. तिथल्या बाईंनी कपाटामागून दादाच्या तुकड्याची धुळीने माखलेली बाटली काढली. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.


चिमीने ती साहेबांच्या टेबलावर ठेवली. “एवढाच उरलाय आमचा दादा. आता तरी बघून सांगा, काय झालंय त्याला?”