डागी माल

"हात आहेत की पाय?" मास्तरांनी चेपलेला टोमॅटो भाजीवालीच्या नाकासमोर धरला. "माल उतरवताना अक्कल घरी ठेवून येतेस का गं?"

"घाईत होतं असं, मास्तर. अर्ध्या भावात घ्या."

मास्तर तेवढ्यासाठीच आले होते. गेले चार महिने रोज दुपारी चारला ते दुकानाच्या कोपऱ्यातल्या डागी मालाच्या पाटीपुढे उकिडवे बसत. शाळेतून निवृत्त झाल्यावर हाताशी तुटपुंजी पेन्शन उरली होती आणि बायकोच्या अंगात रक्त उरलं नव्हतं. तीन पायऱ्या चढली की ती भिंत धरायची. पालेभाजी, गाजर, बीट, फळं रोज पोटात गेलीच पाहिजेत, नाहीतर दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या बाबाला सांगायला काय जातंय!

पण मास्तर हार मानणाऱ्यातले नव्हते. लोक मूर्ख असतात, हे त्यांनी बत्तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून पक्कं करून घेतलं होतं. आता त्याच मूर्खपणावर त्यांचं घर चाललं होतं. शेजारीण चकचकीत सफरचंदं पूर्ण भावात आणायची, तेव्हा त्यांना तिची कीव यायची. "सालं बघून खरेदी करतात," ते बायकोला सांगत. "आतली जीवनसत्त्वं तीच. डाग कापला की झालं."

सगळ्यांत मूर्ख ही भाजीवाली. गाजर मोडलेलं, पण आतून करकरीत. पालकाची जुडी सुटलेली, पण पान न पान ताजं. असल्या मालाला अर्धा भाव लावणारी बाई धंदा काय करणार, कपाळ! एकदा तिने दोन अख्खी बिटं वरून पिशवीत टाकली, तेव्हा मास्तरांनी ती तिच्या तराजूत आपटली होती. "मी काय भीक मागायला आलोय?" पुढचा आठवडाभर ते तिकडे फिरकले नाहीत. त्या आठवड्यात बायकोने अंथरूण धरलं.

आज मात्र स्वारी खुशीत होती.

"रिपोर्ट आला. रक्त वाढलंय हिचं. दवाखाना टळला."

"बरं झालं, मास्तर. जिवाला घोर होता हो."

"तुझ्या जिवाला कसला घोर? डोकं चालवलं मी! तुझ्यासारख्या वेंधळ्या आहेत म्हणून आमचं निभतं. अशीच राहा."

"राहीन की," भाजीवाली म्हणाली.

पिशवी भरून मास्तर ताठ मानेने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला भाजीवालीने रिकामी पाटी पुढे ओढली. ताज्या टोपलीतली चार गाजरं निवडून तिने काडकन मोडली, लालबुंद, टणक टोमॅटो शेजारी मांडले आणि एकेकावर अंगठा दाबायला सुरुवात केली.