कारवीची घरं

धरणाची उंची वाढली आणि देऊचा पाडा पाण्याखाली गेला. बदलापूरजवळच्या पत्र्याच्या खोलीत राहायला आल्यावर देऊ कारवीच्या काड्या, माती आणि गवताची वीतभर उंचीची घरं करू लागला. प्रत्येक घर पाड्यातलंच असायचं. कुणाची ओटी रुंद, कुणाचा गोठा पुढे, कुणाचं छप्पर एका बाजूला झुकलेलं.

एका प्रदर्शनात पालेगावच्या बिल्डरला ती घरं फार आवडली. "फ्लॅटच्या चावीसोबत गिफ्ट द्यायचीत. शंभर पीस पाहिजेत, पण सगळे सेम. एक पण वेगळा नको."

चार महिने देऊने एकच घर शंभर वेळा बांधलं. माल घेऊन टेम्पो गेला, तशी त्याची बायको बाळी म्हणाली, "आता माज्या आईचं घर करा. तेवढंच ऱ्हायलंय."

देऊ हौसेने बसला. घर तयार झालं, तेव्हा बाळीने ते हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवून पाहिलं.

"अवं, ह्याचं पण दार पुढंच? आईचं दार वढ्याकडं होतं ना?"

देऊने घर परत घेतलं आणि डोळे मिटले. ओढा कुठल्या अंगाला होता, तेच त्याला आठवेना.