उघडे डोळे

शुक्रवार पेठेत धोंडप्पा फोटोवाल्याला बोलावणं यायचं ते घरातलं लेकरू गेल्यावरच. जित्या पोराचा फोटो काढला की त्याचं आयुष्य घटतं, असं सगळ्या पेठेचं म्हणणं. गेलेल्या लेकराच्या फोटोत मिटल्या पापण्यांवर धोंडप्पा बारीक कुंचल्यानं उघडे डोळे रंगवून द्यायचा, आणि आया तो फोटो उराशी धरून रडायच्या.

छत्तीस साली त्यानं मुंबईहून नवा जर्मन कॅमेरा आणला. त्याचं भिंग एवढं मोठं, की ओसरीच्या सावलीत पळणारं पोरही लख्ख उमटायचं. शेजारच्या सारजाबाईची नात लगोरी खेळताना खदखदून हसली आणि त्यानं तिला नकळत टिपलं. जन्मात पहिल्यांदा त्याच्या हाती हसरं लेकरू लागलं होतं. हसण्याच्या भरात पोरीचे डोळे मात्र गच्च मिटले होते. धोंडप्पाचा हात सवयीनं कुंचल्याकडे गेला.

फोटो वाळत ठेवला होता, तिथं त्याची बायको पार्वतम्मा आली आणि बघताच जागच्या जागी थिजली.



“अवो, आपल्या गेलेल्या जगदेवीचे डोळे आता जित्या पोरींनाबी द्याया लागला व्हय?”