तलावाची दोन टोके

“पोट जरा आत घ्या,” फोटोग्राफरबाईंनी ओरडून सांगितले.

“हे आत घेतलेलंच आहे!” पलीकडून उत्तर आले.

बाई हसल्या आणि पुन्हा कॅमेऱ्यावर वाकल्या. तलावात शिरलेल्या लाकडी धक्क्याच्या टोकाला त्यांनी तिपाई रोवली होती. डाव्या काठावर, तांबड्या झालेल्या झाडांखाली, राखाडी स्वेटर घातलेला एक पन्नाशीचा माणूस खिशात हात घालून उभा होता. घरी त्याला थोरला म्हणत. जुळ्या भावाआधी काही मिनिटे जगात आल्याच्या जोरावर.

फोटो त्याच्या आईसाठी होता. ती आता पलंगावरून उठत नसे, आणि पलंगासमोरची भिंत रिकामी होती. तिचे मागणे एवढेच होते: वडिलांनी जिथे मुलांना पोहायला शिकवले तो तलाव, पानगळीतला, या काठापासून त्या काठापर्यंत, आणि त्यात दोघेही मुलगे.

“मग धाकट्यांनाही घेऊन या,” आठवड्यापूर्वी स्टुडिओत बाई म्हणाल्या होत्या.

थोरला बराच वेळ काउंटरवरच्या रिकाम्या चौकटी सरळ करत राहिला. “बोलावलंय. जागा कळवली, वार कळवला. उत्तर नाही. वडील गेले तेव्हापासून आम्ही बोलत नाही, बाई. शेवटी त्यांना घरी आणावं असं मी म्हणत होतो, तो म्हणत होता दवाखान्यातच ठेवू. दोघंही बरोबर होतो, तीच पंचाईत.”

“आणि ते आले नाहीत तर?”

“तर दोघांच्या जागी मीच उभा राहीन. आमचा चेहरा एकच आहे.”

बाईंना ते पटले नव्हते. “मी फोटोतला डाग पुसते, विजेच्या तारा पुसते. नसलेला माणूस आणून उभा करत नाही.”

“पण मी असेनच ना! डावीकडे खरा, उजवीकडेही खरा.”

तांत्रिकदृष्ट्या त्याचे म्हणणे बरोबर होते. एवढा रुंद देखावा एका चौकटीत मावत नाही. कॅमेरा डावीकडून उजवीकडे थोडा थोडा वळवत अनेक फोटो घ्यायचे, प्रत्येकात आधीच्या फोटोचा काही भाग येऊ द्यायचा आणि मग ते सगळे एकमेकांना जोडायचे. डावीकडचा फोटो झाल्यावर माणूस कॅमेऱ्यामागून चालत उजवीकडे गेला, तर तो दोन्ही टोकांना दिसतो.

“आईंना काय सांगाल?”

“आधी डोळे भरून पाहू दे. मग सांगेन. सांगेनच,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज असा काही उतरला की बाईंनी वार लिहून घेतला.

आज दुपारभर त्यांनी वाट पाहिली. धाकटा आला नाही. आता ऊन कलू लागले होते. पिवळ्या पानांमागे आतून दिवा लावल्यासारखे वाटावे, असा हा थोडाच वेळ असतो. वाराही पडला. पाण्यावरची शेवटची सुरकुती निघून गेली आणि झाडे मुळांपाशी दुमडल्यासारखी खाली पाण्यात जशीच्या तशी उतरली.

बाईंनी पहिला फोटो घेतला. “झालं! आता मागच्या पायवाटेनं पलीकडे. कपडे बदला, चष्मा काढा. त्या पिवळ्या झाडांपाशी उभे राहा, आणि पिवळं काही घालू नका, नाहीतर सापडायचे नाहीत!”

थोरला पिशवी उचलून झाडांत दिसेनासा झाला.

मधले फोटो बाईंनी सावकाश घेतले. लाल रंगातून नारिंगी, नारिंगीतून सोनेरी. मध्येच एक हट्टी हिरवे झाड. क्षितिजाची रेघ पातळीत आहे ना, हे त्या प्रत्येक वळणावर तपासत होत्या. उजव्या टोकाला कॅमेरा पोहोचला तेव्हा तपकिरी कोटातला माणूस काठावर येऊन उभा होता.

“चपळ आहात हो!” बाई ओरडल्या. त्याने नुसती मान हलवली.

लेन्समधून पाहताना त्यांना कौतुक वाटले. चष्मा नव्हता. खांदे ताठ होते, हात पाठीमागे बांधलेले. मघाचा गमत्या माणूस कुठल्या कुठे गेला होता. शिवाय तो कॅमेऱ्याकडे पाहतच नव्हता. मघाशी स्वतः जिथे उभा होता त्या तांबड्या झाडांकडे पाण्यावरून एकटक बघत होता. जोडलेल्या फोटोत तो भावाकडे पाहतो आहे असेच वाटले असते. हे बाईंना सुचले नव्हते.

त्याने एक हात हळूच वर केला, हाक मारावी तसा.

“हात खाली! सावलीसुद्धा हलते पाण्यात!”

हात खाली आला. पाणी पुन्हा निवांत झाले. माणूस आणि त्याचे प्रतिबिंब, दोघे पायाशी पाय लावून उभे राहिले, आणि बाईंनी कळ दाबली. एकदा, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. त्या माणसाचे डोळे ओले होते. फसवणूक असेल, पण आईच्या भिंतीला शोभेल अशी आहे, असे त्यांना वाटले, आणि कितीतरी दिवसांनी स्वतःच्या कामावर त्या खूश झाल्या.

तेवढ्यात धक्क्याच्या फळ्या करकरल्या. धापा टाकत कोणीतरी त्यांच्या पाठीमागे येऊन थांबले.

“बाई, झाडांत वाट चुकलो हो,” थोरला म्हणाला. “उजवीकडचा अजून काढला नाहीत ना?”